काढीव मुहूर्त

आमच्या शनिवार पेठेतल्या घरी चांगला दिवस विचारायला सगळं गाव यायचं. वाईट दिवस विचारायला येणारा माणूस मात्र एकच होता, हुसेन मास्तर.

माझे वडील, गोपाळकृष्ण गुरुजी, लग्नमुंजी लावायचे. घरासमोर सर्जेरावांच्या बँडचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, तिच्यात खुंट्यांना टांगलेले लाल कोट, पितळी वाद्यं आणि चहाचे डाग पडलेलं एक टेबल. त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे ते हुसेन मास्तर. मी त्यांना हुसेनचाचा म्हणायची. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं मऊ. पायरीवर चपला काढून आत यायचे आणि पंचांगाकडे इतक्या आदराने बघायचे, की गुरुजींची पोटची पोर असून मी कधी तसं बघितलं नाही.

"गुरुजी, एक वाईटसा दिवस काढून द्या."

"वाईट म्हणजे किती वाईट?"

"पुण्यात कुत्र्याचंसुद्धा लग्न होणार नाही, इतपत."

वडील हसायचे नाहीत. चष्मा लावून पानं उलटायचे आणि एका तारखेवर बोट ठेवायचे. "हा घ्या. पौष, त्यात गुरूचा अस्त. कोणी हळकुंडाला हात लावणार नाही."

चाचा समाधानाने मान हलवायचे आणि आई त्यांना चहा द्यायची. शुभ दिवसाची दक्षिणा असते, अशुभाची नसते, असं वडिलांचं म्हणणं. त्यामुळे हा व्यवहार नेहमी चहावरच मिटायचा.

चाचांच्या धर्मात मुहूर्ताचं काही अडत नव्हतं, अडत होतं ते धंद्यात. मुहूर्त असला की बँड सकाळीच बाहेर पडणार आणि चाचा घरी परतणार ते पोरं झोपल्यावर. म्हणून उभ्या शहरात ज्या दिवशी मंगल कार्य नाही, तो दिवस त्यांच्या घरी मंगल. मुलाची सुंता पौषात झाली. सासऱ्यांची जमिनीची बोलणी चातुर्मासात झाली. त्यांच्या बायकोची, अख्तरबानूची, दुखरी दाढसुद्धा पितृपक्षापर्यंत थांबली. "दाढेला पंचांग कळत नाही," असं ती गालाला हात लावून म्हणायची, पण थांबली खरी. ईद मात्र कोणाच्या हातची नव्हती. ती लगीनसराईत आली की चाचा नमाज पढून शीरखुर्म्याची वाटी उभ्या उभ्याच संपवायचे आणि कोटाची बटणं लावत जिना उतरायचे.

आमच्याकडे तरी वेगळं काय होतं म्हणा. गणेशचतुर्थीला वडील गावभरचे गणपती बसवून यायचे आणि आमच्या घरचा गणपती दुपार कलल्यावर बसायचा. तोपर्यंत तो पाटावर रुमालाखाली आणि आम्ही भुकेले. आई म्हणायची, "लोकांच्या देवांना सकाळ आणि आमच्या देवाला उरलंसुरलं." या दोघा पुरुषांचं इतकं जमायचं ते बहुधा त्यामुळेच. दोघंही दुसऱ्यांच्या सणावर जगत होते आणि स्वतःचा संसार त्यातून उरलेल्या फटींत बसवत होते.

चाचांची थोरली मुलगी जुबेदा माझ्याच वयाची. आम्ही दोघी एकाच टायपिंगच्या क्लासला होतो. बोटं यंत्रावर आणि तोंडं गप्पांत, असा आमचा अभ्यास. तिने मला एकदा तिच्या सातवीच्या गॅदरिंगची गोष्ट सांगितली. ती गाणं म्हणणार होती. अब्बांनी येतो म्हणून कबूल केलं होतं, कारण पंचांगात त्या दिवशी मुहूर्त सकाळचा होता. पण वरात लांबली. नवऱ्या मुलाचे मित्र नाचायचे थांबेनात. जुबेदाने दोन वेळा बाईंना विनवून आपला नंबर मागे ढकलला. शेवटी म्हणाली, मला गायचं नाही. चाचा पोहोचले तेव्हा शाळेचा शिपाई खुर्च्या एकात एक घालून रचत होता. ते अंगावरच्या लाल कोटानिशी फाटकातून धावत येताना तिने पाहिलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन बसली.

"पद्मजा, तो कोट लांबून दिसला ना, की मला कळतं," ती म्हणाली, "कार्यक्रम संपला."

त्यानंतर ती कधी चार लोकांत गायली नाही. चाचांनीही तो विषय काढला नाही. मला तेव्हा चाचांचा फार राग आला होता. मग पुढच्याच आठवड्यात ते बोळात भेटले आणि ओठ सुजलेले दिसले. दिवसभर फुंकून फुंकून क्लॅरिनेटच्या पत्तीने ओठ सोलून निघाले होते. तेव्हा राग नेमका कोणावर धरायचा ते मला कळेना.

अठ्ठ्याऐंशी साली जुबेदाचं लग्न ठरलं. या वेळी चाचा आले ते नातेवाइकांशी बोलून, पक्की तयारी करून. बकरीद होऊन गेलेली हवी, मोहरम लागलेला नको. आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागलेला हवा, गणपती आलेले नकोत. दोन्ही धर्मांच्या चिमटीत सापडेल असा दिवस हवा होता. वडिलांनी ऑगस्टमधला पहिला रविवार काढून दिला. "मास्तर, या दिवशी पुण्यात तुमचं एकट्याचंच लग्न," ते म्हणाले. चाचा इतके खूष झाले की दोन कप चहा प्याले.

जुबेदाने बापाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. निकाहाच्या वेळी नवरीची संमती विचारायला नात्यातला एक वडीलधारा आत येतो, त्याला वकील म्हणतात. बहुतेक घरांत मामा नाहीतर चुलता जातो. जुबेदा म्हणाली, अब्बांनीच विचारायचं, दुसऱ्या कोणी विचारलं तर मी तोंड उघडणार नाही. आणि दुसरी गोष्ट, लाल कोट घालून यायचं नाही. चाचांनी शेरवानी शिवायला टाकली. आयुष्यातला स्वतःचा पहिला चांगला कपडा, असं अख्तरबानू सगळ्यांना सांगत होती.

आणि मग नारायण पेठेतल्या आप्पासाहेबांना अमेरिकेतला जावई मिळाला.

मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला. चातुर्मास संपेपर्यंत त्याचं विमान थांबणार नव्हतं. अशा वेळी आपल्याकडे शास्त्राला वळसा घालायची शास्त्रशुद्ध सोय आहे, तिला काढीव मुहूर्त म्हणतात. मुलाकडच्यांनी कुठल्याशा ज्योतिषाकडून तो काढून आणला होता आणि लग्न लावायला वडिलांना बोलावलं होतं. तारीख ऐकून वडिलांनी पंचांग मिटलं.

"अहो, तो दिवस मी हुसेन मास्तरांना दिलाय."

"गुरुजी," आप्पासाहेब म्हणाले, "दिवस वाटायचं काम तुमच्याकडे कधीपासून आलं?"

वडिलांनी लग्न लावायचं कबूल केलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. आप्पासाहेबांना बँड हवा होता, आणि त्यांच्या बायकोने हुसेन मास्तरांचा क्लॅरिनेट पूर्वी ऐकलेला होता. तो नसेल तर बँडच नको, असा निरोप सर्जेरावांना आला.

सर्जेराव आमच्याच ओसरीवर चाचांना भेटले. धिप्पाड माणूस, खाली मान घालून बसलेला. "मास्तर, तुम्ही नाय म्हनला तर मी आत्ता सुपारी परत करतो. लेकीचं लगीन हाय, मी कोन बोलनार? पर आखाडापासनं पोरं बसून हायती. मच्छिंद्र तर हातगाडीवर भाजी इकतोय." सुपारी म्हणजे ठरलेल्या कामाचा शब्द. ती घेतली की मोडायची नाही, हा बँडवाल्यांचा बाणा. इथे ती अजून मोडता येत होती, म्हणूनच अवघड होतं. कोणी जबरदस्ती केली असती तर चाचा सरळ नाही म्हणाले असते.

ते कितीतरी वेळ पंचांगाच्या कव्हरावर बोट फिरवत बसले. मुहूर्त बारा वाजायला थोडा अवकाश असतानाचा. निकाह साडेबाराचा. मोहरमच्या आत सगळ्यांनाच उरकायचं असल्याने काझीसाहेबांना त्या दिवशी आणखी निकाह होते, ते थांबणार नव्हते. लग्न कोथरूडच्या कार्यालयात आणि निकाह मोमिनपुऱ्यात. मुहूर्त गाठला गेला तर चाचा वेळेत पोहोचत होते. नाही गाठला गेला, तर चुलता आत जाणार होता आणि जुबेदा तोंड उघडणार नव्हती.

"गुरुजी, मुहूर्त चुकणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडून नाही," वडील म्हणाले.

घरी अख्तरबानूने ऐकून घेतलं आणि कांदे चिरायला लागली. "सगळ्या शहराच्या पोरी सासरी पोचवल्या," ती म्हणाली, "आता घरचीच तेवढी राहिली होती." जुबेदा दुसऱ्या दिवशी क्लासच्या जिन्यात मला म्हणाली, "तू त्या लग्नाला आहेस ना वडिलांबरोबर? बघ तेवढं."

बघ म्हणजे काय बघू? पण मी हो म्हणाले.

त्या रविवारी सगळं वेळेवर चाललं होतं. नवरा मुलगा वेळेवर, अंतरपाट वेळेवर, मंगलाष्टकाही वेळेवर. दाराशी लाल कोटातला बँड उभा होता. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि माझी लुना छपराखाली लावलेली होती, कारण इथलं आटपून मला निकाहाला जायचं होतं. चाचांनी क्लॅरिनेट छातीशी धरून नजर वडिलांच्या हातावर लावली होती. शेवटचं सावधान झालं, गुरुजींचा हात वर गेला, की बँड. तीस वर्षांत त्या माणसाने एक सूर आधी लावला नव्हता की एक सूर उशिरा.

आणि मुलीच्या आत्याने, विजयमालाताईंनी, माइक हातात घेतला.

पुण्यातल्या लग्नांत हे संकट कोणाला टळलेलं नाही. प्रत्येक घरात एक आत्या असते आणि तिने स्वतः रचलेल्या मंगलाष्टका असतात. विजयमालाताईंनी आपल्या रचनेत मुलीचं बारसं, तिची शाळा, तिचे गुण आणि तिच्या आजोबांची पेन्शनसुद्धा बसवली होती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी वडील हात अर्धा उचलायचे आणि ताई श्वास घेऊन पुढचं कडवं उचलायच्या. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या. आप्पासाहेब घड्याळाकडे बघत होते, पण सख्ख्या बहिणीला भर मांडवात थांबवायची त्यांची छाती नव्हती. मुहूर्ताचा क्षण आला. वडिलांनी हात वर केला, तो वरच राहिला, आणि ताई मुलीच्या न्यू जर्सीतल्या दिरावर पोहोचल्या.

मी चाचांकडे बघितलं. ते वडिलांच्या वर राहिलेल्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि क्लॅरिनेट ओठांना लावला.

तो सूर सगळ्या कार्यालयावर चढला. बँडला विचार करायची सवय नसते. क्लॅरिनेट लागला की ढोल, ढोल लागला की ट्रम्पेट. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो झटकन काढला, अक्षता उडाल्या, पोरीने माळ घातली. न्यू जर्सीचा दीर कडव्यात अर्धाच अडकला. विजयमालाताई माइकमध्ये ओरडत होत्या आणि ते कोणालाही ऐकू जात नव्हतं.

आप्पासाहेब तरातरा दाराशी आले. मला वाटलं, आता चाचांचं काही खरं नाही. पण त्यांच्या मागून नवरीचे आजोबा काठी टेकत आले. "आप्पा, गप रहा," म्हातारा म्हणाला. "तुझ्या बहिणीला आजवर कोणी थांबवू शकलं नाही. मास्तरांना पेढे द्या." वडिलांनी लांबूनच चाचांना हात जोडले. माझ्या वडिलांना मी कोणाला तसे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"मास्तर, निघा आता," सर्जेराव म्हणाले. त्यांनी ठरवून ठेवलेली रिक्षा मोटारींच्या गर्दीत मागे अडकली होती. मी लुनाला पेडल मारलं. "चाचा, बसा."

लाल कोट, सोनेरी झालर, मांडीवर क्लॅरिनेट, आणि पुढे नऊवारी नेसलेली मी. कर्वे रोडवरून आमची वरात निघाली. चौकातल्या पोलिसाने शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायची विसरला. डेक्कनला पूल ओलांडून टिळक रोडला लागलो, तेव्हा चाचा एकदम माझ्या कानाशी म्हणाले, "बेटा, गॅदरिंगला ती कोणतं गाणं म्हणणार होती, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"मलाही नाही," ते म्हणाले. "सगळ्या पुण्याची फर्माइश मी वाजवली." मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता आणि ते काही पावसामुळे नव्हे.

मोमिनपुऱ्यात काझीसाहेब उठायच्या बेतात होते. चुलता टोपी सारखी करत आत जायला निघाला होता. चाचा धावत दाराशी पोहोचले आणि तिथेच थबकले. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, अंगात लाल कोट होता. शेरवानी घरी, दोन गल्ल्या पलीकडे. त्यांनी कोट काढायला वरची बटणं सोडली तर आत फाटकं बनियन. बटणं तशीच धरून ते उभे राहिले. मला म्हणाले, "बेटा, तिला आत जाऊन विचार. नको म्हणाली तर तिचा चुलता जाईल."

मी बायकांच्या खोलीत गेले. जुबेदा घुंघटात बसली होती. मी तिच्या कानात सांगितलं. तिने घुंघट दोन बोटं वर करून दाराकडे बघितलं. दाराच्या चौकटीत लाल कोटाची एक बाही दिसत होती.

"आले?" तिने विचारलं. "सुरू व्हायच्या आधी आले?"

"आधी आले."

"मग येऊ दे तसेच."

चाचा आत आले. दोन साक्षीदार मागे उभे राहिले. चाचांनी मुलाचं नाव घेतलं, मेहरची रक्कम सांगितली आणि विचारलं, कबूल आहे का? जुबेदा गप्प राहिली. बायका हसल्या, नवरी लाजते म्हणून. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा गप्प. खोलीत कुजबुज थांबली. बाहेरून काझीसाहेबांचं खाकरणं ऐकू आलं. अख्तरबानूने मुलीच्या खांद्याला हात लावला, तर जुबेदाने तो हळूच बाजूला केला.

मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण मी तिच्या गुडघ्याशी बसले होते. ती बापाला थांबवून ठेवत होती. त्यांना कुठे जायचं नव्हतं, कोणाची वरात खोळंबली नव्हती, आणि ते तिच्यासमोर उभे होते. हे तिला जरा वेळ हवं होतं. चाचांनाही ते कळलं असावं. त्यांनी घाई केली नाही. क्लॅरिनेट खाली भिंतीशी ठेवला, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू.

"कबूल," जुबेदा म्हणाली आणि रडायला लागली. चाचा आधीच रडत होते.

पुढेही चाचा पुष्कळ वर्षं वाजवत राहिले. एका दिवसाने कोणाचा धंदा बदलत नाही. अशुभ दिवस विचारायला ते शेवटपर्यंत आमच्याकडे यायचे, फक्त मधूनमधून चांगल्या दिवशीही "आज मी घरी आहे" असं सर्जेरावांना सांगायला शिकले. मी बँकेत लागले, माझं लग्न झालं, मुलं झाली. रजेचा अर्ज हातात घेऊन साहेबाच्या दारात घुटमळताना मला दर वेळी चौकटीतली ती लाल बाही आठवायची, आणि मी आत जायची.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. जुबेदाची पाठवणी निघाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. त्यातून सर्जेराव आणि सगळा बँड उतरला, कोथरूडचं जेवण जेवून, कोटांसकट. "सुपारीबिपारी काय नाय," सर्जेराव म्हणाले, "आमचे आम्ही आलोय." मच्छिंद्रने भिंतीशी राहिलेला क्लॅरिनेट आणून चाचांसमोर धरला. चाचांचा एक हात जुबेदाच्या हातात होता, दुसरा तिच्या डोक्यावर. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

मग बँड त्यांच्याशिवायच लागला. पाठवणीची नेहमीची चाल. चाचांनी ती हजार पोरींसाठी कोरड्या डोळ्यांनी वाजवलेली होती. क्लॅरिनेटची जागा आली तशी सवयीने सगळे थांबले. एकटा ढोल हळू ठेका धरून राहिला. त्या रिकाम्या जागेत चाचा वाकले आणि त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. जुबेदाने घुंघटातून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण ती नुसती सांगत नव्हती, गुणगुणत होती.

चाचा शेवटपर्यंत वाकून ऐकत राहिले. सर्जेरावांनी हात वर धरून बँड थांबवून ठेवला होता. तिचं संपल्यावरच त्यांनी तो खाली केला.